रामबाणाच्या शोधात : पॉल एर्लिख

रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर पाहून घरी परतल्यावर आपले हात कधी नीट न्याहाळले आहेत का? साबण लावला की तळहाताचा रंग बराचसा जातो, नखांच्या कडेला मात्र तो आठवडाभर ठाण मांडून बसतो. सुती सदरा रंगला तर आई त्याला पुढच्या वर्षीच्या रंगपंचमीसाठी बाजूला टाकते. पण ज्या प्लास्टिकच्या बादलीत तो रंग कालवला होता, ती नुसत्या फडक्याने पुसली तरी स्वच्छ होते. रंग तोच, पाणी तेच, तरी तो एकाला धरतो आणि दुसऱ्याला सोडतो. असे का व्हावे, हा प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतील एका विद्यार्थ्याला पडला आणि त्याने जन्मभर त्याचा पाठपुरावा केला.

त्या विद्यार्थ्याचे नाव पॉल एर्लिख. नववीच्या प्रयोगात आपण गालाच्या आतल्या पेशी काचपट्टीवर घेऊन मेथिलीन ब्लूचा थेंब टाकतो, तेव्हा नकळत त्यांच्याच वाटेने चाललेलो असतो. आणि हल्ली वर्तमानपत्रांत नॅनो-औषधे म्हणून जे वाचायला मिळते, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत भरून औषध नेमक्या रोगट जागी पोचवण्याची खटपट, तिची मूळ कल्पनाही एर्लिख यांचीच. जर्मन लोककथेत एका शिकाऱ्याच्या मंतरलेल्या गोळीची गोष्ट आहे. ती गोळी कशीही सुटली तरी नेमकी लक्ष्यावर जाते. एर्लिख यांना औषध तसे हवे होते. आपल्याकडे त्यासाठी रामबाण हा शब्द आधीपासून आहेच, फक्त तो आपण इतक्या सैलपणे वापरतो की सुंठेचा काढाही रामबाण होतो.

पॉलचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन या लहान गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील खाणावळ आणि मद्यार्काचा व्यवसाय चालवीत. आईच्या माहेरचा कार्ल वायगर्ट हा पॉलचा मामेभाऊ नऊ वर्षांनी मोठा होता आणि वैद्यकात शिरला होता. कोळशाच्या डांबरापासून तयार होणारे नवे ॲनिलीन रंग तेव्हा कापडगिरण्यांत नुकतेच रुळत होते. ते रंग सूक्ष्मदर्शकाखालच्या नमुन्यांना लावून पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांत हा कार्ल होता. पॉलला रंगांचे वेड लागले ते त्याच्यामुळे.

पॉल पुढे ब्रेस्लाऊच्या शाळेत गेला. लॅटिन आणि गणित बरे, पण निबंध म्हणजे संकट. एकदा आयुष्य हे स्वप्न आहे, अशा विषयावर निबंध लिहायचा होता. पॉलने त्यात आयुष्य हा प्राणवायूशी होणारा रासायनिक संयोग असून स्वप्न म्हणजे मेंदूतला एक प्रकारचा प्रकाश आहे, असे काहीसे मांडले आणि गुण गमावले, असे सांगतात. (निबंध तपासताना ही गोष्ट मला अधूनमधून आठवते आणि लाल पेन थोडा वेळ थांबतो.)

वैद्यकीय शिक्षणासाठी तो ब्रेस्लाऊ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग, लाइपझिग असा फिरला. व्याख्यानांना दांड्या, टेबलावर सगळीकडे रंगांचे डाग. १८७६ साली रॉबर्ट कॉख ब्रेस्लाऊला आले असता प्रयोगशाळेतल्या कुणी या मुलाकडे बोट दाखवून सांगितले म्हणतात, की हा रंगकामात तरबेज आहे पण परीक्षा काही पास व्हायचा नाही. परीक्षा तो पास झाला. १८७८ साली लाइपझिगला पदवीसाठी लिहिलेला प्रबंध अर्थातच पेशी रंगवण्याच्या शास्त्रावर होता.

पुढे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात एर्लिख यांनी रक्ताचे पातळ थर काचेवर वाळवून ते निरनिराळ्या रंगांत बुडवले. पांढऱ्या पेशी म्हणून जो एकच गठ्ठा समजला जाई, त्यातल्या काहींचे कण आम्लधर्मी रंग घेत, काहींचे अल्कधर्मी, काहींचे दोन्हींच्या मधले. आज रक्ततपासणीच्या कागदावर इओसिनोफिल, बेसोफिल, न्यूट्रोफिल असे जे छापून येते, ती नावे या रंगकामातून आली आहेत.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा एर्लिख श्रोत्यांत होते. कॉख यांची जंतू रंगवण्याची पद्धत किचकट होती. एर्लिख यांनी लगोलग तिच्यावर काम सुरू केले. रंगवलेल्या काचपट्ट्या त्यांनी विझलेल्या शेगडीवर वाळत ठेवल्या, सकाळी झाडणारी बाई आली आणि तिने न पाहता शेगडी पेटवली, त्या ऊबेने रंग असा पक्का बसला की जंतू स्वच्छ दिसू लागले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. झाडणाऱ्या बाईचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही. क्षयाचा जंतू एकदा रंगला की आम्लाने धुतला तरी रंग सोडत नाही, हे एर्लिख यांना याच कामात कळले. थुंकीच्या तपासणीची जी पद्धत पुढे जगभर चालली, तिचा पाया हाच.

१८८३ साली हेडविग पिंकुस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे दोन मुली झाल्या. काही वर्षांनी एर्लिख यांनी स्वतःचीच थुंकी रंगवून पाहिली आणि तीत क्षयाचे जंतू दिसले. १८८८ मध्ये पतिपत्नी कोरड्या हवेसाठी इजिप्तला गेले आणि १८८९ मध्ये एर्लिख बरे होऊन परतले. एवढे होऊनही दिवसाला पंचवीस सिगार ओढण्याची सवय काही त्यांनी सोडली नाही. या बाबतीत त्यांचे अनुकरण कुणी करू नये.

आता एका प्रयोगाकडे लक्ष द्या, कारण पुढे त्याचे काम आहे. १८८५ च्या सुमारास त्यांनी जिवंत प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. काही रंगांनी प्राण्याचे सगळे अवयव रंगले, पण मेंदू कोरा राहिला. मेंदूला त्या रंगांची ओढ नसावी, असा एर्लिख यांनी अर्थ लावला. येथे ते चुकले. त्यांचाच शिष्य एडविन गोल्डमन याने १९१३ मध्ये रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे ओढ होती, पण रक्त आणि मेंदू यांच्यामधले दार बंद होते. ते दार ओलांडून औषध कसे न्यावे, यावर आजही नॅनो-कणांचे प्रयोग चालू आहेत.

मेथिलीन ब्लू मात्र जिवंत मज्जातंतूंना धरत असे आणि हिवतापाच्या जंतूंनाही. येथे एर्लिख यांच्या विचाराने वळण घेतले. रंग जर शरीरात फिरून फक्त जंतूलाच चिकटत असेल, तर त्याच रंगाच्या पाठीवर विष बांधून का पाठवू नये? जंतू मरेल आणि शेजारची निरोगी पेशी वाचेल. १८९१ साली पॉल गुटमन यांच्यासह त्यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना मेथिलीन ब्लू दिले. दोघे बरे झाले. क्विनीनच्या तोडीचे ते औषध नव्हते, पण कारखान्यात बनलेला एक रंग औषध म्हणून चालला, हे जगाने पाहिले.

मधली काही वर्षे घटसर्पाने खाल्ली. त्या काळी हा रोग घरातली मुले एकामागून एक नेत असे. एमिल बेरिंग यांचे प्रतिविष सापडले होते, पण एका घोड्याच्या रक्तद्रवात ताकद जास्त, दुसऱ्याच्यात कमी. डॉक्टरने किती टोचावे? एर्लिख यांनी ताकद मोजण्याचे प्रमाण ठरवून दिले, तेव्हाच ते औषध भरवशाचे झाले. १९०१ चे पहिले नोबेल मात्र एकट्या बेरिंग यांना मिळाले आणि दोघांत जे बिनसले ते बिनसलेच. १८९९ मध्ये एर्लिख यांची संस्था फ्रँकफुर्टला हलली. पेशीच्या अंगावर कुलपासारखी ग्रहण करणारी टोके असतात आणि ज्याची किल्ली बसेल तेच तिथे चिकटते, ही त्यांची उपपत्ती याच काळातली. तिच्यातला तपशील बराच बदलला, ग्राही हा शब्द मात्र औषधशास्त्रात टिकला.

१९०८ चे नोबेल त्यांना मिळाले ते इल्या मेचनिकोव्ह यांच्याबरोबर विभागून. मेचनिकोव्ह यांचे म्हणणे असे होते, की शरीराचे रक्षण भक्षक पेशी करतात आणि आलेल्या परक्या कणाला गिळून टाकतात. एर्लिख यांचा भर रक्तद्रवातल्या प्रतिविषांवर. दोन पक्षांचे वर्षानुवर्षे वाजलेले होते, आणि नोबेल समितीने दोघांना एका पाटावर बसवले. मेचनिकोव्ह यांच्या या खादाड पेशी लक्षात ठेवा.

फ्रँकफुर्टमधले एक धनिक गेओर्ग श्पायर वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी फ्रांत्सिस्का यांनी पतीच्या स्मरणार्थ मोठी देणगी दिली आणि १९०६ मध्ये एर्लिख यांच्यासाठी औषध-संशोधनाची स्वतंत्र इमारत उभी राहिली. (आपल्या विश्वस्त मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचला तरी चालेल.) तिथे सकाळी प्रत्येक साहाय्यकाला रंगीत कागदाची चिठ्ठी मिळे, त्यावर दिवसाचे काम. चिठ्ठी सापडली नाही तर एर्लिख शर्टाच्या बाहीवर किंवा खडूने जमिनीवर सूत्रे लिहीत. खोलीत पुस्तकांचे ढीग असे, की पाहुण्याला बसायला खुर्ची मोकळी करावी लागे. विरंगुळा म्हणजे गुप्तहेरकथा.

रंगांवरून ते आता सोमलाकडे आले होते. ॲटॉक्सिल नावाचे सोमलाचे एक संयुग आफ्रिकेतील निद्रारोगावर वापरले जात होते. त्याने जंतू मरत, पण काही रुग्णांची दृष्टी कायमची गेली. बाण लक्ष्यावर लागला, तसाच डोळ्याच्या मज्जातंतूवरही लागला. एर्लिख आणि रसायनज्ञ आल्फ्रेड बेर्टहाइम यांनी त्या रेणूची खरी रचना १९०७ मध्ये शोधली आणि मग त्याला एक तुकडा जोड, एक काढ, असे करीत शेकडो संयुगे बनवली. प्रत्येकाला क्रमांक. याच काळात त्यांना असेही दिसले की औषध थोडे थोडे देत राहिले तर जंतू त्याला सरावतात. आज प्रतिजैविकांबाबत डॉक्टर जो इशारा देतात, तो त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगात तेव्हाच पाहिला होता.

क्रमांक ६०६ ची पहिली नोंद निरुपयोगी अशी झाली होती आणि बाटली फळीवर गेली. १९०९ मध्ये जपानहून साहाचिरो हाता आले. उपदंश या भयंकर गुप्तरोगाचा जंतू १९०५ मध्ये सापडला होता, आणि सशांना तो रोग लावून औषधे तपासण्याचे तंत्र हाता यांना येत होते. एर्लिख यांनी त्यांना फळीवरची संयुगे पुन्हा तपासायला सांगितले. ३१ ऑगस्ट १९०९ रोजी एका सशाला ६०६ टोचले. दुसऱ्या दिवशी त्याच्या जखमेत जिवंत जंतू सापडेना. आधीच्या साहाय्यकाची चूक कशी झाली कोण जाणे, पण हाता यांनी जुन्या नोंदीवर विसंबून न राहता सगळे पुन्हा केले, म्हणून ती उघडकीस आली.

उपदंशावर तोवर पारा देत. त्याने दात पडत, तोंडातून लाळ गळे, आणि रोग जाईलच असे नाही. १९१० च्या एप्रिलमध्ये वीसबाडेनच्या वैद्यक परिषदेत ६०६ जाहीर झाले, तेव्हा डॉक्टरांची फ्रँकफुर्टला रीघ लागली. बाजारात आणण्यापूर्वी सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना विनामूल्य वाटून प्रत्येकाकडून माहिती मागवली गेली. वर्षअखेरीस ते साल्व्हरसन या नावाने विक्रीला आले.

आणि येथेच एर्लिख यांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ सुरू झाला. औषध जंतूवर बरोबर जात होते, पण त्याला शरीरात न्यायचे कसे? ती पिवळी भुकटी हवा लागली की बिघडे, म्हणून ती काचेच्या बंद कुपीत ठेवावी लागे. ती पाण्यात विरघळवून, आम्लता नेमकी साधून टोचायची. हात चुकला आणि औषध शिरेबाहेर गेले, तर तिथले मांस सडे. काही रुग्णांचे अवयव कापावे लागले, काही दगावले. १९१२ मध्ये सुलभ विरघळणारे क्रमांक ९१४ आले, तरी टीका थांबली नाही. एर्लिख प्रत्येक मृत्यूची माहिती मागवीत आणि कारण शोधीत. बहुतेकदा तयारीतली किंवा टोचण्यातली चूक निघे, पण प्रत्येक वेळी नाही. १९१४ मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयात खटला उभा राहिला. कार्ल वासमन या पत्रकाराने असा आरोप छापला होता, की रुग्णालयातल्या स्त्रियांवर जबरदस्तीने हे औषध वापरले गेले. एर्लिख यांना साक्ष द्यावी लागली. वासमन याला बदनामीबद्दल एका वर्षाची शिक्षा झाली. एर्लिख जिंकले, पण खचले. माझ्या मते त्या आरोपातला आवाज विखारी असला, तरी गरीब रुग्णाला नवे औषध देताना त्याची संमती कोण विचारतो, हा प्रश्न रास्त होता आणि त्या काळच्या वैद्यकाकडे त्याचे नीट उत्तर नव्हते.

त्याच वर्षी महायुद्ध पेटले. जर्मनीच्या बाजूने ९३ विद्वानांनी काढलेल्या जाहीरनाम्यावर एर्लिख यांचीही सही आहे. वर्षअखेरीस त्यांना पहिला झटका आला आणि २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले. वय ६१. फ्रँकफुर्टच्या ज्यू दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली गेली. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांच्या नावाच्या रस्त्याची पाटी काढली गेली, आणि म्हाताऱ्या हेडविगबाईंना देश सोडून अखेर अमेरिकेत जावे लागले. युद्धानंतर पाटी परत लागली आणि पुढे तर जर्मनीच्या २०० मार्कांच्या नोटेवर एर्लिख यांचे चित्र आले. साल्व्हरसन पेनिसिलीन येईपर्यंत वापरात राहिले. एर्लिख यांनी काढलेली त्याच्या रेणूची आकृती मात्र चुकीची होती. सोमलाचे अणू तीन-तीन आणि पाच-पाच अशा कड्यांत जोडलेले असतात, हे न्यूझीलंडमधील शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवले.

सोमलाची वाट आपल्या देशातही आली. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी सोमलाच्या कुळातल्याच अँटिमनीचे संयुग बनवून काळा आजार या रोगावर १९२० नंतरच्या काळात असंख्य प्राण वाचवले. एर्लिख यांना न सुटलेला दुसरा अर्धा प्रश्न, म्हणजे औषधाला वाहन कोणते द्यावे, तो पुढे सुटू लागला. इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात पाहिले, की ठरावीक स्निग्ध पदार्थ पाण्यात हलवले की त्यांचे आपोआप बंद बुडबुडे होतात. यांना लिपोसोम म्हणतात. झुरिकचे पीटर पॉल श्पायझर यांनी एर्लिख यांची कल्पना डोळ्यांसमोर ठेवून औषध भरलेले नॅनो-कण बनवायला घेतले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. औषधाचा एक लिपोसोम साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा.

२०२१ चा उन्हाळा पालकांना आठवत असेल. करोनातून उठलेल्या रुग्णांना काळ्या बुरशीने गाठले. आपल्या इंदुरात, तसेच महाराष्ट्रात, एका इंजेक्शनसाठी नातेवाईक दारोदार फिरत होते. त्याचे लांबलचक नाव लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी. यातले मूळ औषध जुनेच, पण नुसते दिले तर मूत्रपिंडांना इजा करते. स्निग्ध बुडबुड्यात बसवले की ती इजा पुष्कळ कमी होते आणि मात्रा वाढवता येते. बिहारकडच्या काळ्या आजारावर २०१४ पासून सरकारी कार्यक्रमात याच औषधाची एक मात्रा देतात. ते तिथे इतके चांगले का चालते, याचे कारण गमतीचे आहे. त्या रोगाचा जंतू लपतो तो मेचनिकोव्ह यांच्या भक्षक पेशींच्या पोटात, आणि नॅनो-कण दिसला की त्याच पेशी तो गिळतात. औषध आपोआप जंतूच्या घरात.

कर्करोगात मात्र हाच गुण आडवा येतो. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या लिपोसोमी कर्करोग-औषधाला भक्षक पेशींची नजर चुकवण्यासाठी वरून एक लांब साखळीच्या रेणूंचे आवरण द्यावे लागले. त्यामुळे हृदयाला होणारी इजा कमी झाली. पण रामबाण अजून झालेला नाही. टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून २०१६ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा टोचलेल्या नॅनो-कणांपैकी गाठीपर्यंत पोचणारे सर्वसाधारणपणे ०.७ टक्के निघाले, म्हणजे हजारात सात. उरलेल्यांपैकी पुष्कळसे यकृत आणि प्लीहा येथे सापडतात, मेचनिकोव्ह यांच्या पेशींच्या पोटात.